नेटचं रिन्युअल आलंय, केबलवाला रेट वाढवतोय, काय करू?

वाचकाचं पत्र:

नमस्कार, आम्ही कासारवडवलीला राहतो, टू बीएचके. बरीच वर्षं सोसायटीतल्या केबलवाल्याकडूनच नेट आहे, २०० एमबीपीएसचा वर्षाचा प्लॅन. गेल्या वर्षी सगळं मिळून ८,४९६ रुपये दिले होते. या महिनाअखेर संपतोय आणि मेसेज आला की आता महिना ७९९ पडेल. फोन केला तर म्हणतो ९९९ चा ३०० वाला घ्या, बेडरूमचा प्रॉब्लेमही जाईल. बेडरूममध्ये वाय-फाय धड येत नाही, मिस्टर आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतात, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. मुलगा अकरावीत, त्याचा क्लास ऑनलाइन, सासूबाईंच्या मालिका पण नेटवरच. खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेत त्यांना याच माणसाने ४९९ मध्ये १०० एमबीपीएस दिलंय. जुन्या गिऱ्हाइकाला जास्त आणि नव्याला कमी, हे बरोबर आहे का? बदलून टाकावं का? पण माणूस ओळखीचा आहे, रात्री फोन केला तरी येतो, त्याच्याशी घासाघीस करायला जिवावर येतं.
— घोडबंदर रोडवरची एक वाचक

उत्तर:

ताई, अजून पैसे भरले नसतील तर आज भरू नका, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबूही नका. हे सगळं बोलणं प्लॅन चालू असतानाच होतं. एकदा नेट बंद पडलं आणि मिस्टरांची सकाळची मीटिंग डोक्यावर आली की समोरचा जो आकडा सांगेल तो आपण मुकाट्याने जीपे करतो, आणि हे समोरच्यालाही पक्कं माहीत असतं. प्लॅन संपायची नेमकी तारीख अ‍ॅपमध्ये किंवा मागच्या बिलावर बघा. लवकर भरलं तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात की बुडतात हे प्रत्येकाकडे वेगळं असतं, ते विचारून घ्या. आणि मेसेजमध्ये आलेल्या लिंकवर क्लिक करून तर अजिबात भरू नका, रिन्युअलच्या नावाखाली फसवणारे मेसेज पण फिरत असतात, त्यामुळे अ‍ॅप नाहीतर ओळखीचा माणूस, तिसरा रस्ता नको.

आता आकडे मांडू, कारण ७९९ ऐकायला ठीक वाटतं. ब्रॉडबँडवर १८ टक्के जीएसटी आहे आणि फोनवर सांगतात तो रेट बहुतेक वेळा जीएसटी सोडून असतो. तुम्ही गेल्या वर्षी ८,४९६ दिले म्हणजे मूळ ६०० रुपये महिना, जीएसटी धरून ७०८. आता ७९९ गुणिले १२ म्हणजे ९,५८८, त्यावर जीएसटी धरला की ११,३१४. तीच वायर, तोच स्पीड, आणि वर्षाला २,८०० रुपये जास्त, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वाढ! ९९९ वाला घेतलात तर १४,१४६. आणि खालच्यांना ४९९ ने वर्ष जीएसटीसकट ७,०६६ ला पडतं. कोणाशीही बोलताना 'जीएसटी धरून वर्षाचे एकूण किती' एवढाच प्रश्न विचारायचा, महिन्याचा रेट ऐकायचाच नाही.

नव्याला स्वस्त आणि जुन्याला महाग हे मलाही पटत नाही, पण बेकायदेशीर नाही. ब्रॉडबँडचे रेट ट्राय (टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था) ठरवून देत नाही, ते कंपन्यांवर सोडलेलं आहे, आणि नवीन गिऱ्हाईक आणायला सगळेच सूट देतात. पण एक बघा, खालच्यांचा प्लॅन १०० चा आहे आणि तुमचा २०० चा. त्यामुळे 'त्यांना ४९९ मग मला ७९९ का' असं विचारलंत तर तो लगेच म्हणेल ताई तुमचा स्पीड डबल आहे. त्याऐवजी 'मला पण तोच १०० वाला त्याच रेटने द्या' म्हणा, याला नाही म्हणणं त्याला जड जाईल. मग प्रश्न एवढाच उरतो की तुम्हाला १०० पुरेल का.

पुरेल ताई, आरामात पुरेल. व्हिडिओ मीटिंगला चांगल्या क्वालिटीत ३-४ एमबीपीएस लागतात, मुलाचा क्लास एचडीमध्ये म्हणजे ५, सासूबाईंची मालिका पण ५ धरा, एखाद्या रविवारी फोर-के पिक्चर लावलात तर १५. हे सगळं एकाच वेळी चालू, वर चार मोबाइल, तरी ४० च्या पुढे जाणं कठीण. २०० काय आणि ३०० काय, तो स्पीड एखादी मोठी फाईल किंवा गेम उतरवतानाच जाणवतो, बाकी वेळ नुसता पडून असतो.

मग मीटिंगमध्ये आवाज का तुटतो, तर इथेच खरी गोम आहे आणि ३०० च्या प्लॅनने ती सुटणार नाही. पैसे वाढवण्याआधी घरात एक टेस्ट करा. मिस्टरांचा लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला लावा, लॅपटॉपला पोर्ट नसेल तर राउटरपासून हातभर अंतरावर ५ गिगाहर्ट्झवाल्या वाय-फायला जोडा, बाकीच्यांना दोन मिनिटं नेट बंद ठेवायला सांगा, आणि फास्ट डॉट कॉम किंवा स्पीडटेस्टवर आकडा बघा. डाउनलोडचाच नाही, अपलोडचा पण बघा, कारण मीटिंगमध्ये आपला आवाज आणि चेहरा अपलोडने जातो. मग तोच लॅपटॉप बेडरूममध्ये नेऊन तीच टेस्ट करा. दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाला, सगळी बिल्डिंग नेटवर असते तेव्हा.

राउटरजवळ १८०-१९० येतंय आणि बेडरूममध्ये १५, तर प्लॅनचा काही दोष नाही, मधल्या भिंतींचा आणि राउटरच्या जागेचा दोष आहे. आपल्याकडे राउटर नेहमी कुठे असतो, मेन डोअरच्या वर नाहीतर टीव्ही युनिटच्या कप्प्यात सेट टॉप बॉक्सच्या मागे कोंबलेला, कारण वायर आणणाऱ्याला तेवढंच जवळ पडलं. तो पॅसेजच्या तोंडाशी, उघड्यावर, खांद्याच्या उंचीला आणा, फायबरची थोडी जास्तीची वायर लागेल ती केबलवाला लावून देतो. आरसा, लोखंडी कपाट, फिश टँक यांच्या मागे नको. तेवढ्याने भागलं नाही तर बेडरूमपर्यंत एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा ड्युअल बँड राउटर (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही वाय-फाय देणारा) अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे तिथे वाय-फाय द्यायला) लावा, साधारण दीड-दोन हजारांत काम होतं आणि ते एकदाच. नुसता भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचा स्वस्तातला रिपीटर घेऊ नका, त्यातले बरेचसे आलेला स्पीड निम्मा करून पुढे देतात.

आणि राउटरजवळच ९४-९५ येतंय, त्याच्या वर काही केल्या जात नाही, असं झालं तर मात्र कान टवकारा. याचा अर्थ राउटरचा पोर्ट किंवा मधली केबल १०० एमबीपीएसची आहे. (लॅन केबलने टेस्ट करत असाल तर आधी दुसरी केबल लावून खात्री करा.) जुन्या राउटरमध्ये हे फार कॉमन आहे. तसं असेल तर तुम्ही इतकी वर्षं २०० चे पैसे भरून १०० च वापरताय, आणि ३०० घेतलात तरी ९५ च येणार. अजून एक, लिफ्टच्या डक्टमधून तुमच्या घरात येणारी वायर बघा. ती बारीक फायबर आहे आणि घरात एलओएस लिहिलेला लाइट असलेला डबा आहे, तर फायबर थेट घरात आलंय. साधी जाडसर लॅन केबल येत असेल तर फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा एखाद्या मजल्यापर्यंत आहे आणि तिथून पुढे स्विचवरून वाटप आहे. अशा वेळी जिन्यातली लाइट गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं, आणि लोक राउटरला शिव्या घालत बसतात. केबलवाल्याशी बोलायला हा खरा मुद्दा आहे, 'दादा, स्पीड नको, घरापर्यंत फायबर आणि गिगाबिट पोर्टवाला ड्युअल बँड डबा द्या' (गिगाबिट म्हणजे १,००० एमबीपीएसपर्यंतचा). स्पीड वाढवून देण्यात त्याचा फारसा खर्च नाही, डबा बदलून देण्यात आहे, म्हणून तो ३०० चा विषय काढतो आणि डब्याचा काढत नाही.

आता दुसरे ऑप्शन. हे काम बदलायचं नसलं तरी करायचंच आहे, कारण बोलण्यात जोर यायला हातात दुसरं काहीतरी पाहिजे. साइटवर पत्ता टाकला की सगळीकडे 'सेवा उपलब्ध' येतं, त्याच्यावर जाऊ नका. सोसायटी ऑफिसमध्ये जाऊन विचारा बिल्डिंगमध्ये आत कोणाकोणाची वायर आलेली आहे, किंवा सरळ लिफ्टजवळच्या डक्टचं दार उघडून डब्यांवरचे स्टिकर वाचा. ठाण्यात जिओ, एअरटेल, टाटा प्ले, हॅथवे असे बरेच आहेत, पण तुमच्या विंगमध्ये दोनच असू शकतात. मग त्या दुसऱ्याचं नेट वापरणारं एखादं घर शोधा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलंत तर दहा मिनिटांत चार जण सांगतील, आणि त्यांना स्पीड विचारू नका, पावसाळ्यात बंद पडलं तेव्हा किती दिवसांनी चालू झालं ते विचारा. तुमच्या रोडवर मेट्रो ४ चं काम, रस्त्याचं काम, कुठे ना कुठे खणलेलंच असतं, फायबर तुटतं, तुटणारच, कोणाचंही तुटेल. किती लवकर जोडतात याच्यावर माझ्या मते दोनशे रुपये जास्त द्यायलाही हरकत नाही.

सोसायटीने एकाच प्रोव्हायडरला आत सोडलं असेल, तर तो विषय एकट्याने लढवण्यापेक्षा मॅनेजिंग कमिटीला दहा-बारा घरांच्या सह्यांचं पत्र द्या आणि एजीएमला मांडा. दुसरी वायर बिल्डिंगमध्ये आली की पहिल्याचे रेट आपोआप जमिनीवर येतात, हे ऐरोली, नेरुळ, खारघरच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये बघितलंय. तोपर्यंत फाइव्ह-जीवर चालणारं एअरफायबर हा एक मार्ग आहे, गच्चीवर किंवा खिडकीबाहेर अँटेना लागतो, वायर लागत नाही. पण त्यात महिन्याची डेटा लिमिट फायबरपेक्षा कमी असते, १,००० जीबीच्या आसपास, आणि टॉवरवर गर्दी झाली की स्पीड खाली येतो. तीन दिवस घरून काम असेल तर मी ते पहिल्या नंबरला ठेवणार नाही.

लिमिटचा विषय निघालाच आहे तर 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनला पण लिमिट असते, मोठ्या कंपन्यांची साधारण ३,३०० जीबी महिन्याला, त्यानंतर स्पीड पडतो. तुमच्या घरी एचडीमध्ये रोज पाच तास जरी चाललं तरी तासाला जास्तीत जास्त ३ जीबी धरून महिन्याचे साडेचारशे जीबी होतात, म्हणजे त्याची काळजी नाही. पण छोट्या प्रोव्हायडरकडे लिमिट किती आणि संपल्यावर स्पीड किती उरतो ते एकदा विचारा, काही ठिकाणी ती बरीच कमी असते.

ओटीटी फुकट आहे म्हणून महाग प्लॅन घेऊ नका. सासूबाई झी मराठी बघतात की स्टार प्रवाह ते बघा, पहिलं झी-फाइव्हवर मिळतं, दुसरं जिओहॉटस्टारवर. मोबाइलच्या रिचार्जमध्ये यातलं काही आधीच येत असेल तर दोनदा पैसे कशाला, फक्त ते मोबाइलपुरतं आहे की टीव्हीवर पण चालतं एवढं तपासा.

एवढं झालं की त्याला फोन करा, मेसेज नको, आणि संध्याकाळी त्याच्या वसुलीच्या घाईत नको, दुपारी करा. ओळखीच्या माणसाशी बोलताना लाज वाटते हे मी समजू शकते, पण यात भांडण कुठेच नाही ताई. साधं बोला. 'दादा, इतकी वर्षं तुमच्याकडेच आहे, तुम्ही रात्री पण येता, मला बदलायचं नाहीये. पण ११,३०० मला जमणार नाही. टेस्ट केली, बेडरूमला १५ येतंय, स्क्रीनशॉट पाठवते. मला १०० चालेल, खालच्यांना दिलाय त्या रेटने द्या आणि डबा ड्युअल बँड द्या. बिल्डिंगमध्ये दुसऱ्यांची वायर आहे, त्यांनी वर्षाचे जीएसटी धरून एवढे सांगितलेत.' आणि मग गप्प बसा. ही गप्प बसायची गोष्ट सगळ्यात अवघड असते, आपण लगेच 'बरं बघा तुम्हाला जमेल तसं' म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घालवतो. दुसऱ्याचा रेट खरा असेल तोच सांगा, खोटा सांगू नका, या धंद्यात सगळ्यांना सगळ्यांचे रेट पाठ असतात.

तो म्हणेल ४९९ फक्त नवीन कनेक्शनला आहे, माझ्या हातात नाही, वरून सिस्टीममध्ये तसंच येतं. असू शकतं, बरेच केबलवाले एखाद्या मोठ्या प्रोव्हायडरचे फ्रँचायझी असतात आणि रेट खरंच वरून येतो. मग रेट सोडा आणि त्याच्या हातात जे आहे ते मागा, म्हणजे नवा डबा, वर एक-दोन महिने जास्त, लॅन केबल ओढून देणं, राउटरची जागा बदलून देणं. जुन्या रेटला म्हणजे ६०० अधिक जीएसटीला तो २०० वालाच ठेवत असेल आणि डबा फुकट बदलून देत असेल तर माझ्या मते घ्या, ते चांगलं डील आहे. बेडरूमचं काम दोन हजारांत तुमचं तुम्ही करणार होतात, ते त्यात वसूल झालं. एकच करा, जे ठरेल ते त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्याचा 'ओके' येऊ द्या.

वर्षाचं एकदम भरावं का? मी म्हणते सहा महिन्यांचं भरा, आणि डबा बदलून मिळेपर्यंत तर तीनच महिन्यांचं. वर्षाला सूट मिळते हे खरं, एखादा महिना फुकट मिळतो, पण पैसे एकदा गेले की तक्रारीला कोणी विचारत नाही. आमच्या सोसायटीतल्या कितीतरी घरांनी एका छोट्या प्रोव्हायडरला वर्षाचे पैसे भरले आणि पुढे त्याने लाइनच दुसऱ्याला विकली, नवीन माणूस म्हणाला जुन्या पैशांचं मला माहीत नाही. म्हातारी माणसं होती त्यात, पेन्शनमधून भरलेले, फार वाईट वाटलं होतं. म्हणून ओळखीचा असला तरी जीएसटी नंबर असलेलं, कंपनीच्या नावाचं बिल घ्या. पर्सनल नंबरवर यूपीआय केलं आणि बिल नाही, तर उद्या तुम्ही कोणाचे गिऱ्हाईक हेच सिद्ध करता येत नाही.

बिल असलं तर पुढचा रस्ता आहे. तक्रार केली की डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागायचा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. त्याने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकाच्या तक्रारी घेत नाही, तिकडे मेल लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, आणि पैसे अडकलेच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, पण माहीत असलेलं बरं.

आणि समजा नाहीच जमलं, बदलायचंच ठरलं, तर आधी नवीन चालू करा आणि मग जुनं बंद. चार-पाच दिवस दोन्ही चालली तरी चालतील. त्या दिवसांत मिस्टरांचा ऑफिसचा व्हीपीएन नव्या नेटवर चालतो का, घरात सीसीटीव्ही असेल तर तो मोबाइलवर दिसतो का, हे बघून घ्या. फायबरवरचा लँडलाइन नंबर वापरत असाल तर तो जाईल, मोबाइलसारखा पोर्ट होत नाही, बँकेत किंवा शाळेत दिला असेल तर आधी बदला. केबलवाल्याला स्वतः फोन करून सांगा, त्याला तिसऱ्याकडून कळू देऊ नका, टीव्हीची केबल त्याच्याकडेच ठेवणार असाल तर तेही सांगा, म्हणजे येणं-जाणं राहतं. डबा त्याचा असेल तर परत देताना मागच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, परत मिळाल्याचं दोन ओळींत लिहून घ्या, आणि डिपॉझिट दिलं होतं का ते पहिल्या वर्षाच्या बिलात शोधा, बऱ्याच जणांनी हजार-दीड हजार भरलेले असतात आणि ते मागायचेच राहून जातात.